परप्रांतीय कामगारांमुळे इथल्या माणसाची मजुरी खरंच पडते का?

उद्यमनगरचा लेथवाला

मंडळी, आमच्या कोल्हापूरच्या तालमीत परवा बैठक झाली. विषय बाहेरच्या कामगारांचा. निम्मे म्हणाले हाकला, निम्मे म्हणाले ते गेले तर शिरोलीची औद्योगिक वसाहत बंद पडेल. कुणी कुणाचं ऐकून घेतलं नाही, म्हणून हा धागा काढतोय.

मी उद्यमनगरात जॉबवर्क करतो. वडील शिरोलीच्या एका फौंड्रीत (धातू ओतायचा कारखाना) मोल्डर, म्हणजे वाळूचे साचे करणारे होते, कंपनीच्या हजेरीपटावर. फंड, बोनस, ईएसआयचं कार्ड, सगळं होतं. त्या जोरावर आम्हा भावंडांची शिक्षणं झाली. आज त्याच शेडमध्ये मोल्डिंग आणि फेटलिंग ठेकेदाराकडे आहे आणि बहुतेक पोरं बिहार, झारखंड, ओडिशाकडची.

फेटलिंग ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. ओतलेला जॉब नॉकआऊट होऊन, म्हणजे साचा फोडून येतो तेव्हा अंगाला वाळू चिकटलेली असते, कडांना फिन (धातूचे पातळ पापुद्रे) असतात, रायजर (जादा धातूचा खुंट) तोडलेल्या जागी गाठी असतात. पोरगं दोन्ही हातांनी ग्राइंडर दाबून ते सगळं साफ करतं. ठिणग्या पायावर पडत असतात, काळी धूळ नाकात जाते, तोंडाला मास्कऐवजी गमछा. दर ठेकेदाराला टनावर मिळतो, पोराला हजेरीवर.

आपण तीन वेगळे प्रश्न एकात कालवतो असं मला वाटतं. आज कामावर असलेल्याचा पगार कमी होतो का? उद्या कामाला लागणाऱ्या आपल्या पोराला दार उघडं राहतं का? आणि दहा-पंधरा वर्षांनी गावाच्या रोजगाराचं काय होतं? तिन्हींचं उत्तर एकच असेल असं नाही. अनुभव लिहा, वाचलेलं असेल तर तेही लिहा. राबायला आलेल्यांना शिव्या मात्र नकोत.

जुना बुधवारकर

मी गवंडी. साइटवर गेलं की ठेकेदार आधीच सांगतोय, बाहेरची टोळी एवढ्यात करत्या, तुला परवडतंय का बघ. ती पोरं साइटवरच पत्र्याच्या खोलीत राहत्यात, पाच-सहा जणांत एक चूल. सकाळी सातला सुरू, स्लॅब असला की रात्री लाईट लावून. मला घर हाय, पोरांची फी हाय, आईची औषधं हायत. त्यांच्या दरात माझं भागत नाही.

माझा दर कमी झाला असं मी म्हणत नाही. पण बाकी सगळं वाढलं आणि दर आहे तिथंच थांबला. हे कळायला अभ्यास कशाला पाहिजे?

अर्थशास्त्राची विद्यार्थिनी

दादा, "थांबला" हे तुम्ही लिहिलंत ते महत्त्वाचं आहे. पण आधी या विषयातला सगळ्यात गाजलेला वाद सांगते.

१९८० मध्ये एप्रिल ते ऑक्टोबर या काळात क्यूबातून सुमारे सव्वा लाख लोक बोटींनी अमेरिकेत आले. त्यातले बरेचसे मायामीत राहिले आणि तिथली कामकरी संख्या काही महिन्यांत सुमारे ७ टक्क्यांनी वाढली. डेव्हिड कार्ड यांनी १९९० मध्ये त्याचा अभ्यास मांडला. मायामीची तुलना इतर शहरांशी केली, तर कमी कौशल्याच्या स्थानिकांच्या मजुरीवर किंवा बेकारीवर परिणाम जवळजवळ दिसलाच नाही. कार्ड यांना २०२१ चं नोबेल मिळालं, त्यामागे हे कामही होतं.

मग जॉर्ज बोर्हास यांनी तीच आकडेवारी पुन्हा उघडली. त्यांनी फक्त शाळा अर्धवट सोडलेले, हिस्पॅनिक नसलेले पुरुष घेतले आणि त्यांची मजुरी १० ते ३० टक्के घसरली असं दाखवलं. त्यावर इतरांनी उत्तर दिलं की इतका छोटा गट घेतला की नमुन्यात माणसं किती आणि कोणती, यावरच आकडा हलतो. त्याच वर्षांत पाहणीत कृष्णवर्णीय पुरुषांचं प्रमाण वाढलं होतं आणि त्यांची सरासरी मजुरी मुळातच कमी होती. पेरी आणि यासेनोव यांनी वेगळ्या पद्धतीने पाहिलं, त्यांनाही घसरण सापडली नाही. माझ्या मते कार्ड यांची बाजू जड आहे. पण मायामीवरून कोल्हापूरचा निकाल लावता येणार नाही.

आपल्याशी जास्त जुळणारा अभ्यास जर्मनीचा आहे. १९९१ पासून काही काळ चेक कामगारांना सीमेलगतच्या जर्मन जिल्ह्यांत काम करायची मुभा होती, राहायची नव्हती. रोज येऊन काम करायचं आणि परत जायचं. डुस्टमान, श्योनबर्ग आणि स्टूलर यांनी २०१७ मध्ये त्यावर लिहिलं. कामगारांत चेक लोकांचा वाटा १ टक्का वाढला की तीन वर्षांत स्थानिकांची मजुरी साधारण ०.१३ टक्के घटली, म्हणजे नगण्य. पण स्थानिकांचा रोजगार जवळजवळ १ टक्का घटला. आणि हा रोजगार कामावर असलेल्यांना काढून टाकल्यामुळे फारसा घटला नव्हता. नवे स्थानिक कामावर घेणं कमी झालं होतं.

लेथवाले काका, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर यात आहे.

उद्यमनगरचा लेथवाला

हे वाचून मी थांबलोच. आमच्याकडं अगदी असंच झालंय. वडिलांच्या बरोबरीच्या कुणाला काढलं नाही. ते एकेक करून निवृत्त झाले आणि त्यांच्या जागेवर कंपनीने माणूस भरलाच नाही, ठेकेदार भरला. म्हणून कुणी ओरडलं नाही. ज्याची नोकरी गेली तो मोर्चा काढतो. जिची जाहिरातच निघाली नाही त्या नोकरीसाठी मोर्चा कोण काढणार?

शिरोली फौंड्री

मी या चर्चेत मालक म्हणून लिहितोय, छोटी फौंड्री आहे. माझीही बाजू ऐका.

इंडक्शन फर्नेस (धातू वितळवायची विजेची भट्टी) एकदा तापली की ती माणसाची वाट बघत नाही. धातू तयार झाला आणि मोल्ड लाईनवर चारजण कमी असले, तर वीज फुकट आणि जॉब रिजेक्ट. आमचं गिऱ्हाईक वाहन उद्योगातलं, तिथं वेळेवर माल गेला नाही तर पुढची ऑर्डर जाते. गावाकडची पोरं चांगली आहेत, पण जोतिबाची यात्रा, गावची जत्रा, ऊस लागण, भांगलण, घरातलं लग्न. यात त्यांचा दोष नाही, त्यांना घर आणि शेत आहे. बाहेरून आलेला पोरगा इथं फक्त कामाला आलाय.

२०२० ला मे महिन्यात श्रमिक रेल्वे सुटल्या आणि माझी शेड रिकामी झाली. तेव्हा मी गावागावांत निरोप दिले, हजेरी वाढवून दिली. पोरं आली. पॅटर्न, इन्स्पेक्शन, मशीनवर ती टिकली. नॉकआऊट आणि फेटलिंगला बहुतेकांनी महिनाभरही काढला नाही. शेवटी एक शॉट ब्लास्टिंग मशीन (छर्‍यांच्या मार्‍याने जॉब साफ करणारं) कर्ज काढून घेतलं आणि निम्मं हातकाम कमी केलं. बाहेरचे गेले म्हणजे स्थानिकाची मजुरी आपोआप चढते, असं माझ्या डोळ्यासमोर तरी झालं नाही.

अर्थशास्त्राची विद्यार्थिनी

फौंड्रीवाले सर, तुम्ही सांगितलंत त्याला जवळचं उदाहरण अमेरिकेत आहे. मेक्सिकोतून हंगामी शेतमजूर आणायची ब्रासेरो नावाची योजना १९६४ च्या अखेरीस बंद केली. हेतू उघड होता, अमेरिकन शेतमजुराची मजुरी वाढावी. पुढे क्लेमेन्स, लुईस आणि पोस्टेल यांनी तपासलं, तर ज्या राज्यांत असे मजूर जास्त होते तिथं मजुरी इतर राज्यांपेक्षा वेगाने वाढली नव्हती. कॅलिफोर्नियात टोमॅटो तोडायची यंत्रं आली, आणि जिथं यंत्र नव्हतं तिथं काही पिकं कमी झाली.

जुना बुधवारकर

साहेब, पण तुम्ही हजेरी किती वाढवली ते लिहिलं नाही. फेटलिंगला कुणी टिकत नाही म्हणता, त्या धुळीत मास्क, एक्झॉस्ट, आठ तासांची पाळी आणि फंड दिला असता तर? लेथवाल्यांचे वडील टिकलेच की त्याच कामात. का टिकले? त्यांना ते काम पोटाला पुरत होतं म्हणून.

शिरोली फौंड्री

प्रश्न रास्त आहे. दिलं असतं तर माझा किलोचा दर वाढला असता, आणि तो दर मी ठरवत नाही, गिऱ्हाईक ठरवतं. शेजारचा ठेक्यावर करत असताना मी एकट्याने हजेरीपटावर घेतलं तर ऑर्डर त्याच्याकडे जाणार. सगळ्यांना एकच नियम लागला तर मी आनंदाने देईन. हे मनापासून लिहितोय.

संध्या, इचलकरंजी

आमच्याकडचं, म्हणजे यंत्रमागाचं, जरा वेगळं आहे. सायझिंग, कांडी, वहिफणी, मागावरचा कामगार, प्रत्येकाचा हिशेब वेगळा. मागावरच्या माणसाला मीटरवर मजुरी, आणि ती पिकावर (कापडाच्या एका इंचातले आडवे धागे) ठरते. ५२ पिकाच्या कापडाला मीटरमागे इतके पैसे, असा करार व्हायचा. त्यासाठी संप झाले, माझे वडील त्यात होते. तो दर कापडाला असतो, माणसाच्या गावाला नसतो. त्यामुळे तेलंगणातून पूर्वी आलेला असो, की आत्ता उत्तर प्रदेशातून आलेला, मीटरचा भाव सगळ्यांना तोच.

म्हणजे सगळं बरं चाललंय असं नाही. मार बसला तो दुसरीकडून. एका माणसाकडं माग जास्त आले, पाळी बारा तासांची झाली, आणि गेल्या काही वर्षांत साधे माग भंगारात वजनावर गेले. आमच्या गल्लीतले माग बंद झाले ते परप्रांतीयांमुळे नव्हे. सूत महाग, कापडाला उठाव नाही, विजेचं बिल, आणि शटललेस (धोट्याशिवाय चालणारा नवा माग) पुढं साधा माग टिकत नाही. कामगाराला मात्र समोर दिसतो तो शेजारच्या मागावरचा परका माणूस. सुताचा बाजार दिसत नाही.

कागलचा ऊसकरी

उसाचं बघा. तोडायला बीडच्या टोळ्या येतात, नवराबायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून उचल घेतलेली. आमच्या गावातलं कुणी वर्षानुवर्षं कोयता धरत नाही, तरी तोडणीचा दर कमी राहिला नाही. त्यांच्या संघटनांनी जानेवारी २०२४ मध्ये साखर संघाशी बसून ३४ टक्के वाढ घेतली. बाहेरून आलेला माणूस संघटित असला तर दर तोच चढवतो. (आता हार्वेस्टर वाढायला लागलेत, तो पुढचा प्रश्न.)

आणि आपण विसरू नये, गिरणगाव भरलं होतं ते कोकण, सातारा आणि आपल्या जिल्ह्यातल्या माणसांनी. १९८२ च्या संपात अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार होते. त्यातले कितीतरी खोलीला कुलूप लावून आपल्याच तालुक्यात परत आले. तेव्हा मुंबईत आपणही बाहेरून पोटासाठी गेलेलेच होतो.

सिवान ते शिरोली

माझा जन्म इथला. शाळा नागावची, मराठी माध्यम. वडील बिहारच्या सिवानहून आले आणि कोअर (साच्याच्या आत बसवायचा वाळूचा गाभा) बनवायला लागले. त्यांना सुरुवातीला कमी पैसे मिळायचे, पुढे हात बसला, दर वाढला. मग झारखंडची नवी पोरं आली आणि ठेकेदार वडिलांनाच म्हणायला लागला, तू महाग पडतोस. नव्यांचा पहिला धक्का जुन्या बाहेरच्यालाच बसतो. हे कुणी लिहीत नाही म्हणून लिहिलं.

दुसरं. ठेकेदार कमी देतो ते आम्ही कमी मागतो म्हणून नाही. गावाकडून आणताना प्रवासाचे आणि खर्चाचे पैसे अंगावर चढवलेले असतात. राहायची खोली त्याची. बोललं तर काम आणि छप्पर दोन्ही एकाच दिवशी जातं. मग मागणार कसं?

अर्थशास्त्राची विद्यार्थिनी

तुमच्या पहिल्या मुद्द्याला मोठा आधार आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने २०१६ मध्ये सगळे अभ्यास एकत्र करून अहवाल काढला. दहा वर्षं आणि त्याहून लांबचा काळ धरला तर स्थानिकांच्या एकूण मजुरीवरचा परिणाम फार छोटा, आणि घट होते तेव्हा ती बहुधा आधी आलेल्या स्थलांतरितांची, त्यानंतर शाळा पूर्ण न केलेल्या स्थानिकांची.

करवीर वकील

कायद्याचं थोडक्यात. ८० टक्के स्थानिकांना घ्या असे राज्याचे शासन निर्णय १९६८ पासून आहेत. हरियाणाने खासगी नोकऱ्यांत ७५ टक्क्यांचा कायदाच केला होता, दरमहा ३०,००० पर्यंतच्या पगारासाठी. पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने १७ नोव्हेंबर २०२३ ला तो रद्द केला. देशात कुठेही राहायचा, कुठेही काम करायचा हक्क घटनेच्या १९ व्या कलमात आहे. तालमीत ठराव करून तो जात नाही.

जुना बुधवारकर

वकीलसाहेब, हाकला असं मी म्हटलंच नाही. माझा प्रश्न ताईंना आहे. दहा वर्षांनी सगळं जुळून येतं म्हणता. त्या दहा वर्षांत माझं वय साठीला टेकेल. सरासरी बरी झाली तर माझ्या घरात काय येतं?

अर्थशास्त्राची विद्यार्थिनी

दादा, याला गोड उत्तर माझ्याकडे नाही. डेन्मार्कमध्ये १९८६ ते १९९८ निर्वासितांना वेगवेगळ्या गावांत वाटून वसवलं होतं. फोगेड आणि पेरी यांनी स्थानिक कामगारांचा माग काढला. कमी शिकलेले स्थानिक अंगमेहनतीच्या कामातून जास्त बोलाचाली आणि समज लागणाऱ्या कामांकडे सरकले आणि त्यांची मजुरी वाढली. पण हे मुख्यतः तरुणांच्या बाबतीत. जर्मनीच्या अभ्यासातही वयस्क कामगारांचं नुकसान जास्त होतं. सरासरीच्या आत तुमच्यासारखी माणसं दडतात, हे खरं आहे.

उद्यमनगरचा लेथवाला

सगळं दोनदा वाचलं. माझं मत आता लिहितो.

कोल्हापूरचा तरुण वर सरकला, हे मी रोज बघतो. आमच्या भागातली सीएनसी, व्हीएमसी (संगणकावर चालणारी मशीनं) बहुतेक आपलीच पोरं चालवतात, प्रोग्रॅम तीच लिहितात. खाली कास्टिंग स्वस्तात होतं म्हणून वर मशिनिंगला काम येतं, हेही खरं. शिरोलीचा ओतीव माल बंद झाला तर माझ्या लेथवर काय लावणार? म्हणजे बाहेरच्याचं काम आणि माझं काम एकमेकांना धरून आहे. पण जुना बुधवारकरांचं काम आणि बाहेरच्याचं काम एकच आहे. गिलाव्याला गिलावा, विटेला वीट. त्यांना वर सरकायला पायरीच नाही. जो एकमेकांना पूरक तो तरतो आणि जो समोरासमोर तो थांबतो. दोघांना एकच उपदेश करणं अन्याय आहे.

दुसरं, जर्मनीतले चेक लोक पैसे घेऊन घरी जायचे. इथली पोरंही शेडमध्येच राहतात आणि पगार गावी पाठवतात. नागाव-शिरोलीत खोल्या भाड्याने जातात, किराणा खपतो, तेवढाच परतावा. तीच पोरं कुटुंब घेऊन राहिली, मुलं शाळेत घातली, तर कपडा, दूध, रिक्षा, दवाखाना सगळ्यांना गिऱ्हाईक वाढेल आणि मजुरीही ती कुटुंबाच्या हिशेबानेच मागतील. एकट्या पोराला शेडमध्ये कोंबून ठेवलं की तो स्वस्त पडतो. बुधवारकरांची स्पर्धा त्या पोराशी नाही, त्या पत्र्याच्या खोलीशी आहे. ती खोली कुणी बांधली? ठेकेदाराने. कुणाच्या परवानगीने? मालकाच्या.

वकीलसाहेब दुरुस्त करतील, पण १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यात कलमच होतं की तेच काम करणाऱ्या इथल्या माणसापेक्षा बाहेरून आणलेल्याला कमी मजुरी देता येणार नाही. लोक ते बाहेरच्याच्या भल्याचं कलम समजतात. मला ते बुधवारकरांच्या भल्याचं वाटतं. दोघांना दर एक, तर ठेकेदार हात बघून माणूस घेईल.

करवीर वकील

बरोबर आहे, ते कलम १३. ठेकेदाराने मजुरी बुडवली तर मूळ मालकाने द्यायची, हेही कंत्राटी कामगार कायद्यात १९७० पासून आहे आणि नव्या कामगार संहितेत कायम आहे. अडचण मर्यादेची. नव्या संहितेत कंत्राटी कामगारांची तरतूद ५० कामगारांपासून लागते, म्हणून पेटी ठेकेदार (ठेकेदाराखालचे छोटे ठेकेदार) पन्नासच्या आत राहतात, एका शेडमध्ये तीन-तीन. माथाडी कायदा १९६९ चा आहे. त्यात हमालाची मजुरी मंडळामार्फत वाटली जाते, दर मंडळाच्या कागदावर असतो. फौंड्री आणि बांधकामाला तशा मंडळाची मागणी करता येईल. बांधकाम कामगार मंडळ आहे, पण ते लाभ देतं, दर ठरवत नाही. बुधवारकर, तिथं नोंदणी केली नसेल तर आधी करा.

जुना बुधवारकर

नोंदणी हाय. दराचं कुणी करणार असेल तर मी पुढं येतो, आणि आमच्या साइटवरच्या त्या टोळीलाही आणतो. त्यातला एक चांगला बोलतोय माझ्याशी. त्यालाही दर वाढलेला पाहिजेच की.

सिवान ते शिरोली

मला सांगा कधी. आमच्या खोल्यांतली पोरं मराठी वाचत नाहीत, हिंदीत कागद मी करून देतो.

आजऱ्याचा पोरगा

मी बारावी झालोय. आयटीआयला फाउंड्रीमन मिळतंय, एक वर्षाचा. घरचे म्हणतात मशिनिस्ट मिळेपर्यंत थांब. हा धागा वाचून गोंधळलोय. घेऊ का?

शिरोली फौंड्री

घे. आमच्याकडं वाळू तपासणारा, मेल्टिंगचं केमिस्ट्री समजणारा, रिजेक्शन का आलं ते सांगणारा माणूस शोधून मिळत नाही. ग्राइंडर धरायला तुला कुणी बोलावणार नाही. अप्रेंटिसशिप मात्र मोठ्या फौंड्रीत कर, माझ्यासारख्याकडं नको. तिथं लॅब असते.

उद्यमनगरचा लेथवाला

आणि अप्रेंटिसशिपनंतर कायम करतात का, की तिथंही ठेक्यावर टाकतात, ते त्या कंपनीत आत्ता असलेल्या पोरांना विचारून ये. मालकाला नको विचारूस, पोरांना विचार. पगाराची पावती बघायला माग. फंडाचा नंबर कंपनीच्या नावावर आहे की ठेकेदाराच्या, ते तिथं कळेल. आजऱ्याहून येशील तेव्हा उद्यमनगरात दुकानी ये, शिरोलीत मी घेऊन जातो.